मधल्या खोलीतला देश

५ मार्च

ताई,

ख्यालीखुशाली शेवटी लिहीन, आधी कामाचं. खिंडीतलं फाटक गेल्या गुरुवारपासून बंद आहे. तुमच्या पेपरात ‘रस्त्याची दुरुस्ती’ असं आलं असेल. आमच्या पेपरात काहीच नाही, कारण पेपरचा कागदसुद्धा त्याच फाटकातून येतो आणि सध्या पेपर दोन पानांचा झाला आहे. खरं कारण इथे भाजीवालीलाही माहीत आहे. आपल्या सरकारने डोंगरापलीकडच्या देशाशी कसलासा करार केला, तो तुमच्या सरकारला रुचला नाही. रुसायला त्यांना फार कष्ट नाहीत, एक अडसर लावला की झालं.

आई म्हणते, आपला देश म्हणजे मधल्या खोलीतली भाडेकरीण. बाहेर पडायचं तर पुढच्या खोलीतल्यांच्या पलंगाला वळसा घालून जायचं, आणि त्यांनी दार लावून घेतलं की आपण आपले खिडकीशी बसायचं. तीस वर्षं तिने टपालखात्यात परदेशी थैल्या फोडल्या, तिला हे आपल्यापेक्षा जास्त कळतं.

तर काम असं. आमच्या विभागात डायलिसिसच्या आठ मशीनवर बावीस पेशंट आहेत, आईला धरून. प्रत्येकाचा एक फिल्टर असतो, वीतभरापेक्षा थोडं लांब नळकांडं, त्यातून रक्त गाळून परत अंगात जातं. दर वेळी तो मी धुते, आत किती पाणी मावतं ते मापाच्या नळीत बघते, वहीत लिहिते आणि जंतू मारायचं औषध भरून ठेवते. आठ वेळा वापरला की टाकायचा. पाणी रेषेखाली गेलं तर त्याआधीच टाकायचा. नवे फिल्टर काटकसर केली तरी सहा आठवडे पुरतील इतकेच आहेत. पुढचा साठा बोटीने तुमच्या बंदरात उतरलाय म्हणतात. कंटेनरचा नंबर खाली दिला आहे. मालाचे कागद तुमच्याच ऑफिसात होतात, तर बघशील का कुठे आहे?

फोनचा नाद सोड, तारही खिंडीतूनच येते आणि तीही त्यांनी बंद केली आहे. पायी माणसांना अजून सोडतात, म्हणून टपालाची थैली हमालाच्या पाठीवरून जाते आहे.

आई बरी आहे. मंगळवार आणि शनिवार मशीनवर असते. शेजारच्या खाटेवर एक शिंपी आहे, तो चोरून पाणी पितो आणि ही त्याच्या सुजलेल्या पायांवरून किती ग्लास प्यायला ते सांगते. बहुतेक वेळा बरोबर सांगते. तो मला म्हणाला, बाई, तुमच्या आईची खाट हलवा, नाहीतर माझी तरी.

बारकी


१३ मार्च

बारके,

सापडला. तिसऱ्या अंगणात, मागून दुसऱ्या रांगेत, खालचा. वर कुणाचे तरी सायकलींचे खोके होते. तुझे भावोजी क्रेनवरच असतात, त्यांच्याकडून जेवणाच्या सुट्टीत तो मोकळा करून घेतला. ते म्हणाले, सासूबाईंसाठी आजवर काही उचलायची वेळ आली नव्हती, आज थेट वीस टन उचललं.

तुला आमच्याकडची रीत ठाऊक नसेल. तुमच्या देशाचा माल दोन वाटांनी जातो. पिवळा कागद म्हणजे खिंडीची वाट, चार दिवस. निळा कागद म्हणजे वळशाची: लहान जहाजातून किनाऱ्याने वर, तिसऱ्याच देशात, तिथून रेल्वेने डोंगराला फेरी घालून. सात आठवडे. तुमचा कंटेनर पिवळ्या कागदावर आहे आणि मी त्यावर ‘तातडीचा’ शिक्का मारून घेतला आहे. फाटकाच्या रांगेत तो पहिला उभा राहील. फाटक उघडलं की पहिला ट्रक तुमचा. आणि शिक्का बसला की तो माल त्याच वाटेचा झाला, मग आमच्या साहेबांनाही फिरवता येत नाही. इतकं पक्कं काम केलं आहे.

भावोजी म्हणतात, अशी ‘दुरुस्ती’ त्यांनी चार वेळा पाहिली, दहा दिवसांच्या पुढे एकदाही गेली नाही. आमच्या ऑफिसातही हेच म्हणतात. काल एकाने मला विचारलं, तुमच्या बिनसमुद्राच्या आरमाराचे प्रमुख पोहायला शिकले का? मी म्हटलं, शिकताहेत, बादलीत. सगळे हसले, मीही हसले. बारा वर्षं हसते आहे, आता माझ्याकडे उत्तरांचा साठा झाला आहे.

आईला सांग, खिडकीशी बसू नकोस, दार उघडेल. आणि त्या शिंप्याला थोडं सुखाने जगू दे म्हणावं.

ताई


२४ मार्च

ताई,

तुझं पत्र मी विभागात सगळ्यांना वाचून दाखवलं. ‘पहिला ट्रक तुमचा’ हे दोनदा वाचायला लावलं. शिंपी म्हणाला, बहीण असावी तर बंदरात.

डॉक्टरीणबाईंनी मात्र विचारलं, आपल्या दलालाने हा माल २० तारखेच्या जहाजावर टाकला होता ना, निळ्या कागदावर? मी म्हटलं, ताई तिथे आहे, तिने काहीतरी पाहूनच केलं असेल. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणाल्या की नाही ते कळलं नाही. ते जहाज गेलं का, मला कळव.

इकडे आता पायी माणसंही बंद केली. टपाल आठवड्याच्या विमानाने जाणार, तेही तुमच्याच आकाशातून, म्हणून फक्त पाकिटं. पार्सल नाही, पुडकं नाही, पाकीटसुद्धा बोटाने दाबून बघतात. हे पत्र तुला तीन आठवड्यांनी मिळेल.

सोमवारपासून सगळ्यांना आठवड्यातून एकदाच मशीन. फिल्टर आता बारा वेळा धुते. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, तुझ्या आईला दोनदाच ठेवूया, तू इथली आहेस. पडदा ओढलेला होता, पण आईचे कान टपालखात्यातले. ती आतून म्हणाली, ‘मी रांगेतली आहे. घरची घरी.’

तिचा चेहरा थोडा सुजतो. पाणी मोजून पिते. शिंप्याशी भांडण चालू आहे, फक्त आवाज खाली आला आहे, दोघांचाही.

बारकी


१८ एप्रिल

बारके,

मी फाटकापर्यंत जाऊन आले.

इथल्या मोठ्या हॉस्पिटलातल्या एका सिस्टरशी ओळख काढली. तिने चार नवे फिल्टर दिले. एक आईचा, बाकी तू ठरवशील त्यांचे, असं मनाशी ठरवून निघाले. बसने नऊ तास लागतात. शेवटचे दोन तास रस्त्याच्या कडेला नुसते ट्रक. ड्रायव्हर ट्रकखाली चटया टाकून पडलेले, कुणी दाढी करतोय, कुणी टायरला टेकून कपडे शिवतोय. दुरुस्ती म्हणशील तर एक फावडं दिसलं नाही.

रांगेच्या तोंडाशी तुमचा कंटेनर आहे. माझा शिक्का दुरून वाचता येतो. मी पत्र्यावर हात ठेवला, तापला होता.

फाटकावरचा अधिकारी आपल्या मामेभावाच्या वयाचा असेल, वागायला चांगला. त्याने मला खुर्ची दिली. फिल्टर हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मी सांगितलं, आई आहे माझी, इथून दिसतंय त्या डोंगराच्या मागे राहते. तो म्हणाला, ‘बाई, हे औषध नाही, हे सामान आहे. औषध असतं तर मी डोळेझाक केली असती.’ मी म्हटलं, मग करा ना डोळेझाक. तो म्हणाला, ‘माझ्या मागेही एक बसलाय.’ मागे खरंच एक जण बसला होता, पेपर वाचत. आमचा पेपर सोळा पानांचा असतो.

चारही फिल्टर जमा करून घेतले. पावती दिली.

पलीकडे आपल्या चौकीचं छप्पर दिसत होतं. एक बाई दोरीवर चादर वाळत घालत होती. मी हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. तिला काय सांगायचं हे सुचेना म्हणून मारली नाही.

जहाजाचं विचारलंस. ते भरलेलं होतं, जागाच नव्हती. म्हणून पिवळ्यावर घेतलं. डॉक्टरीणबाईंना तसं सांग.

आई कशी आहे ते खरं लिही.

ताई


१० मे

ताई,

खरं लिही म्हणतेस, लिहिते.

शिंपी गेला, २२ एप्रिलला. त्याच्या आधी दोघं आणि नंतर दोघं. आता मशीन रिकाम्या असतात, फिल्टर नाहीत. नियम असा केला आहे की ज्याचा फिल्टर रेषेखाली जाईल त्याची पाळी थांबवायची, नवे येईपर्यंत. शिंप्याचा फिल्टर सतराव्या धुण्याला रेषेखाली गेला. मी वहीत तसं लिहिलं. त्याने मला विचारलं, किती कमी पडलं? मी म्हटलं, बोटभरही नाही. तो म्हणाला, मग कापड थोडं ओढून घेता येत नाही का बाई? मी म्हटलं, नाही येत. त्यानंतर नऊ दिवस तो होता.

आईने त्याच्या खाटेकडे पाठ करून घेतली आहे.

त्या २० तारखेच्या जहाजावरचा माल परवा इथल्या रेल्वेच्या गोदामात उतरला. साबण, दोऱ्याची रिळं, सायकलीच्या साखळ्या. मी बघायला गेले होते. गोदामवाला सांगत होता, जहाज निम्मं रिकामंच आलं म्हणे, माल चढवायलाच कुणी नव्हतं, सगळे फाटक उघडायची वाट बघत बसले. मी यादी मागितली. त्याने दाखवली. आपल्या कंटेनरचा नंबर त्यात टाइप केलेला होता आणि त्यावर शाईने रेघ मारलेली होती.

बाकी विशेष नाही. फिल्टरमध्ये भरायचं औषधही संपत आलं आहे, निम्म्या ताकदीचं करून भरते. आईला शनिवारपासून थोडी कणकण आहे. जेवते. तुझी आठवण काढते.

बारकी


२ जून

बारके,

तुझ्या पत्रात तू मला काही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं.

रेघ माझी आहे. शाईही माझ्या पेनातली. दलालाने कंटेनर निळ्या कागदावर नोंदवला होता, जहाजात जागा होती, सगळं ठीक होतं. मी काही केलं नसतं तर २० तारखेला तो आपोआप चढला असता आणि त्या साबणाबरोबर तुझ्याकडे उतरला असता. मी फाइल उचलून साहेबांकडे गेले. म्हटलं, हा पिवळ्यावर घ्या, आमच्या घरचं काम आहे. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, ‘नक्की ना?’ मी म्हटलं, नक्की.

मला सात आठवडे हा आकडा सहन झाला नाही, बारके. तुझ्याकडे ५ मार्चपासून सहा आठवड्यांचा साठा होता, जहाज २० तारखेला निघणार होतं, आणि मी वजाबाकी केली. तीन आठवडे कमी पडत होते. त्या तीन आठवड्यांपायी मी हे केलं. ते तीन आठवडे तू कसेही रेटले असतेस, हे मला आता दिसतं. आमच्याकडे निळा कागद म्हणजे आळशी दलालाचा कागद. जो कामाचा असतो तो पिवळा काढतो, वर शिक्का मिळवतो. बारा वर्षं मी तेच शिकले आणि त्याचं माझं ऑफिसात कौतुक आहे.

आणि एक. मला मनापासून वाटत होतं की फाटक उघडणारच. इथे कुणालाही तसंच वाटतं. पुढच्या खोलीत राहणाऱ्याला दार लागलेलं कधी दिसतच नाही, कारण कडी त्याच्या बाजूला असते. मी त्या खोलीतून निघून आले आणि कधी या खोलीतली झाले, ते मला कळलं नाही. आईला कळलं असतं.

जहाज भरलेलं होतं हे मी तुला खोटं लिहिलं. ते लिहिताना मी पुन्हा विचारही केला नाही. सरळ लिहिलं.

आईला हे सांग. किंवा नको सांगूस. तू तिच्याजवळ आहेस, तू ठरव. कणकण म्हणजे किती ताप, ते मला आकड्यात लिही. खाली चार ओळी आईसाठी आहेत, त्या तेवढ्या वाचून दाखव.

आई, तू मला पहिल्या नोकरीला लागताना सांगितलं होतंस की दुसऱ्याची थैली हातात आली की आधी पत्ता पूर्ण वाचावा. मी अर्धाच वाचला. तू बरी हो. फाटक उघडलं की मी त्याच दिवशी निघते, ट्रकमधून का होईना. मला तुझ्याकडून बोलणी खायची आहेत, समोर बसून.

ताई


२६ जून

ताई,

आईसाठी लिहिलेल्या चार ओळी मी वाचून दाखवल्या नाहीत. आई १७ मे रोजी गेली. तुझं पत्र आलं तेव्हा तिला जाऊन छत्तीस दिवस झाले होते.

मी तुला कळवलं नाही. कळवणार होते, रोज. पत्राला तीन आठवडे लागणारच होते, तेव्हा आजच्याऐवजी उद्या लिहिलं तर काय, असं म्हणत महिना गेला. तू मधल्या काळात तिला जिवंत समजत होतीस, आणि मला त्याचा थोडा आधार वाटत होता. निदान एका जागी ती होती.

फाटक १९ तारखेला उघडलं, आधी फक्त मालासाठी; माणसांना कालपासून सोडतात. आमचा पेपर पुन्हा आठ पानांचा झाला आहे आणि पहिल्या पानावर रस्त्याची दुरुस्ती पूर्ण झाल्याबद्दल दोन्ही सरकारांचे आभार आहेत. ड्रायव्हर म्हणतात खड्डे होते तिथेच आहेत. करार रद्द झाला की राहिला, कुणी सांगत नाही. २१ तारखेला सकाळी दहा वाजता पहिला ट्रक हॉस्पिटलच्या दारात आला. कंटेनर मी उघडून घेतला. सगळे फिल्टर चांगले निघाले, एकाचीही पिशवी फाटलेली नव्हती. पिवळ्या कागदावर ‘माल सुस्थितीत मिळाला’ या ओळीखाली सही करायची असते, ती मी केली. बावीसपैकी नऊ पेशंट उरले आहेत. त्यांना आता दर वेळी नवा फिल्टर देता येईल, इतका माल आहे.

फोनची लाइन सुरू झाली आहे. परवापासून संध्याकाळी घंटा वाजते, तू आहेस हे मला माहीत आहे. मी समोर बसून ती ऐकते आणि उचलत नाही.

आता माझं ऐक. आईचा फिल्टर विसाव्या धुण्याला रेषेखाली गेला. शिंप्याचा गेला होता त्याहून जास्त. मी नळी उजेडात धरून तीनदा पाहिली. मग वहीत रेषेच्या वर लिहिलं, माझ्या नेहमीच्या अक्षरात, खाली सही. शिंप्याच्या वेळी मी खरं लिहिलं होतं. आईच्या वेळी नाही लिहिलं. तिला ‘रांगेतली’ राहायचं होतं आणि मी तिला रांगेतून काढून घरची केलं, तिला न विचारता. औषध निम्म्या ताकदीचं होतं, ते नळकांडं आतून साफ झालेलं नव्हतं. शनिवारी मशीन लावल्यावर तासाभरात तिला थंडी भरली. तुला मी कणकण म्हणून लिहिलं. तेव्हा एकशे चार होता. आकड्यात विचारला होतास.

फिल्टर थांबवला असता तर ती शिंप्यासारखी नऊ दिवसांनी गेली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ते वहीचं पान पाहिलं, वही मिटली आणि मला दुसऱ्या दिवशी कामावर यायला सांगितलं. माणसं नाहीत म्हणून सांगितलं की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

शेवटच्या दोन दिवसांत आई फार बोलली नाही. एकदा मला जवळ बोलावून म्हणाली, ‘शिंप्याच्या बायकोला जाऊन भेट.’ मी अजून गेलेले नाही. काय तोंडाने जाऊ, त्या वहीत दोघांची पानं समोरासमोर आहेत.

जहाजाची यादी पाहिली त्या दिवशी मला तुझा इतका राग आला होता की मी गोदामापासून घरापर्यंत चालत आले. आईला मी काही सांगितलं नाही. ती तुझ्याबद्दल चांगलंच ऐकून गेली. आता राग आहे की नाही ते मला कळत नाही. ‘मी रागावले नाही’ असं या पत्रात तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा खोडलं, कागदावर दिसेलच तुला.

तू येऊ नकोस. ट्रकमधून नको आणि बसनेही नको. फाटक उघडं आहे म्हणून निघालीस तर परवा दारात उभी राहशील, आणि माझी तयारी नाही.

टपालकचेरीत आता दोन पेट्या ठेवल्या आहेत, खिंडीची आणि वळशाची, कारण फाटकाचा भरवसा कुणालाच उरला नाही. हे पत्र मी खिंडीच्या पेटीत टाकते आहे. आईचं तुला चार दिवसांत कळायला हवं, तेवढा तुझा हक्क आहे. तुझं उत्तर मात्र वळशाने पाठव. निळ्या कागदासारखं, जहाजातून, रेल्वेतून, जितकं फिरून येईल तितकं. तू मला माफ करशील हे मला माहीत आहे, पत्र वाचून संपायच्या आत करशील. मग मलाही तुला करावं लागेल, आणि ते मला इतक्या जवळून जमणार नाही. मला ते सात आठवडे दे.

बारकी